ग्रंथसंग्राहक राज्यकर्ता : सर स्टॅम्फर्ड रॅफल्स

सिंगापूरचा संस्थापक म्हणून सर स्टॅम्फर्ड रॅफल्स याचे नाव जगाला परिचित आहे. त्या बेटावरील पुतळे, विद्यालये आणि पथिकाश्रम आजही त्याचे नाव मिरवितात. परंतु रॅफल्सच्या चरित्राला आणखी एक बाजू आहे आणि ग्रंथप्रेमी वाचकाला तीच अधिक विचार करायला लावणारी आहे. हा मनुष्य जन्मभर हस्तलिखिते जमवीत होता. त्यांतील काही त्याने नकलनविसांकडून उतरवून घेतली, काही विकत घेतली आणि काही एका राजवाड्याच्या लुटीतून त्याच्या पदरी आली. आयुष्याच्या उत्तरार्धात त्याचा सर्वांत मोठा संग्रह एका रात्रीत त्याच्या डोळ्यांदेखत जळून गेला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या पाव शतकात युरोपातील युद्धांनी आशियातील किनाऱ्यांचे भवितव्य कसे ठरविले आणि ज्ञान व सत्ता यांची सांगड कशी पडली, हे त्याच्या पंचेचाळीस वर्षांच्या आयुष्यात स्पष्ट दिसते.

लेडनहॉल रस्त्यावरील कारकून

थॉमस स्टॅम्फर्ड बिंग्ली रॅफल्स याचा जन्म ६ जुलै १७८१ रोजी जमैका बेटाच्या किनाऱ्यालगत ‘अॅन’ नावाच्या जहाजावर झाला. वडील बेंजामिन रॅफल्स हे त्याच जहाजाचे कप्तान होते. वेस्ट इंडीजचा व्यापार त्या काळी गुलामांच्या श्रमांवर उभा होता. पुढे गुलामगिरीविरुद्ध कायदे करणाऱ्या या पुरुषाचा जन्म अशा परिसरात व्हावा, हा योगायोग चरित्रकारांच्या नजरेतून सुटलेला नाही. घरची स्थिती पुढे खालावली, मुलाचे शिक्षण अर्ध्यावर सुटले आणि १७९५ साली वयाच्या चौदाव्या वर्षी त्याला लंडनच्या लेडनहॉल रस्त्यावरील ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरीत कारकुनी पत्करावी लागली.

ही दहा वर्षांची कारकुनी म्हणजे त्याचे विद्यापीठ होय. दिवसभर कचेरीतील कागद उतरून काढावेत आणि पहाटे व रात्री स्वतःचा अभ्यास करावा, असा त्याचा क्रम होता. १८०५ साली कंपनीने पिनांग बेटाला चौथ्या इलाख्याचा दर्जा दिला. तेथील नव्या सरकारात साहाय्यक चिटणीस म्हणून त्याची नेमणूक झाली. निघण्यापूर्वी त्याने ऑलिव्हिया या विधवेशी विवाह केला. ती त्याच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी होती. पिनांगला जाणाऱ्या इतर अधिकाऱ्यांना जहाजावरील लांबलचक प्रवास कंटाळवाणा वाटला असेल. रॅफल्सने मात्र तो मलय भाषा शिकण्यात घालविला. पिनांगला उतरल्यावर इतर गोरे अधिकारी दुभाष्यांच्या तोंडाकडे पाहत असता हा तरुण स्थानिक लोकांशी त्यांच्या भाषेत बोलू लागला. त्याच्या पुढील सर्व उत्कर्षाचे मूळ येथे आहे.

पिनांगला त्याला जॉन लेडन हा स्कॉटिश कवी, वैद्य व बहुभाषापंडित भेटला. दोघांचा स्नेह जडला आणि मलय ग्रंथांच्या शोधाला शिस्त लागली.

मलाक्का आणि नकलनविसांची कचेरी

मलाक्का हे बंदर गोव्याच्या इतिहासाशी निगडित आहे. १५१० साली गोवा घेणाऱ्या अफोन्सो द अल्बुकर्क यानेच पुढील वर्षी मलाक्का जिंकले आणि पूर्वेकडील पोर्तुगीज व्यापाराची ही दोन ठाणी एकाच सूत्रात ओवली. १६४१ साली ते वलंदेजांच्या म्हणजे डचांच्या हाती गेले आणि १७९५ साली, हॉलंड फ्रेंचांच्या वर्चस्वाखाली जाताच, इंग्रजांनी ते ताब्यात घेतले. ते कायम ठेवण्याची कंपनीची इच्छा नव्हती. १८०७ साली पोर्तुगीजांनी बांधलेला जुना किल्ला सुरुंग लावून उडविण्यात आला आणि शहरातील वस्ती पिनांगला हलविण्याचा घाट घातला गेला. १८०८ साली रॅफल्स तेथे गेला, लोकांची स्थिती त्याने पाहिली आणि पिढ्यान्‌पिढ्या रुजलेली वस्ती उपटून टाकणे अन्यायाचे व तोट्याचेही होईल, असे सविस्तर टिपण वरिष्ठांना पाठविले. ते मान्य झाले. शहर वाचले आणि एका कनिष्ठ अधिकाऱ्याचे नाव कलकत्त्यापर्यंत पोहोचले.

याच वेळी नेपोलियनच्या युद्धांची झळ जावा बेटाला लागली होती. नेपोलियनने १८०६ साली आपल्या भावाला हॉलंडच्या गादीवर बसविले आणि १८१० साली तो देशच फ्रान्सला जोडून टाकला. त्यामुळे डचांचे जावा बेट प्रत्यक्षात फ्रेंचांचे झाले. हिंदुस्थानचा गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो याला ही गोष्ट धोक्याची वाटली. रॅफल्स कलकत्त्याला जाऊन त्याला भेटला. मिंटोने त्याला मलाक्का येथे आपला प्रतिनिधी नेमले आणि स्वारीची पूर्वतयारी त्याच्यावर सोपविली.

मलाक्का येथील रॅफल्सची कचेरी ही एक छोटी ग्रंथशाळाच होती. त्याच्याकडे मलय लेखनिकांचा ताफा असे. एकाने पत्रे लिहावीत, दुसऱ्याने जुन्या कथा व राजवंशावळी उतरून काढाव्यात, काहींनी फुले, कीटक व मासे जमवून आणावेत, अशी कामाची वाटणी होती. या लेखनिकांत अब्दुल्ला नावाचा एक बुद्धिमान मुलगा होता. हाच पुढे मुन्शी अब्दुल्ला या नावाने आधुनिक मलय गद्याचा प्रवर्तक ठरला. त्याच्या आत्मचरित्रातून रॅफल्सचे जे दर्शन घडते, ते साहेबाविषयी आदर बाळगणाऱ्या, पण डोळे उघडे ठेवणाऱ्या माणसाने घडविलेले आहे.

जावाची पाच वर्षे

ऑगस्ट १८११ मध्ये सुमारे १२,००० सैन्य बटाव्हियाजवळ, म्हणजे आजच्या जाकार्ताजवळ, उतरले. त्यांपैकी जवळजवळ निम्मे हिंदी शिपाई होते. २६ ऑगस्टला डच–फ्रेंचांची मुख्य छावणी पडली आणि सप्टेंबरमध्ये शरणागतीचा करार झाला. या विजयाला एक दुःखद किनार होती. बटाव्हियात शिरताच लेडन हस्तलिखितांच्या शोधात एका बंद, कोंदट ग्रंथालयात गेला, तेथे त्याला ताप भरला आणि २८ ऑगस्टला तो मरण पावला, असे सांगितले जाते. मिंटोने रॅफल्सला जावाचा लेफ्टनंट गव्हर्नर नेमले. लाखो लोकवस्तीच्या या बेटाचा कारभार हाती आला, तेव्हा तो तीस वर्षांचा होता.

त्याच्या कारभारातील सर्वांत काळे पान १८१२ सालचे आहे. योग्याकार्ताचा सुलतान दुसरा हमेंकुबुवोनो इंग्रजांपुढे मान तुकवीत नाही, असे दिसताच २० जून रोजी राजवाड्यावर हल्ला करण्यात आला. हल्लेखोरांत हिंदी शिपाईही होते. काही तासांत राजवाडा पडला. सुलतानाला पदच्युत करून पिनांगला हद्दपार करण्यात आले. खजिना लुटला गेला आणि सैनिकांनी व अधिकाऱ्यांनी तो वाटून घेतला. सोन्यानाण्याबरोबर राजवाड्यातील ग्रंथभांडारही रिकामे झाले. इतिहास, नाटक, काव्य व धर्म या विषयांवरील जावानी पोथ्या रॅफल्स, जॉन क्रॉफर्ड आणि कॉलिन मॅकेन्झी यांच्या संग्रहांत गेल्या. हा मॅकेन्झी म्हणजे दक्षिण हिंदुस्थानातील शिलालेख व कैफियती जमविणारा आणि पुढे हिंदुस्थानचा पहिला सर्व्हेयर जनरल झालेला गृहस्थ होय. या पोथ्या युरोपात नीट जतन झाल्या, हे खरे. परंतु ज्या दरबारात त्या लिहिल्या व वाचल्या जात होत्या, त्याची स्मृतीच त्या दिवशी हिरावली गेली, हेही तितकेच खरे. पदच्युत सुलतानाचा नातू राजपुत्र दिपोनेगोरो याने १८२५ पासून १८३० पर्यंत डचांशी जे प्रखर युद्ध केले, त्यामागील असंतोषाची काही बीजे या अपमानात होती.

राज्यकारभारात रॅफल्सने मोठे फेरबदल करू पाहिले. डच राजवटीत शेतकऱ्याला सक्तीने ठराविक पिके काढून द्यावी लागत आणि वेठ भरावी लागे. त्याऐवजी जमिनीवर सारा बसवावा आणि शेतकऱ्याने हवे ते पीक घ्यावे, ही त्याची योजना होती. मद्रास इलाख्यातील रयतवारीच्या विचारांशी तिचे नाते उघड दिसते. मोजणी अपुरी, कारकून थोडे आणि चलनाची टंचाई यांमुळे योजना कागदावर राहिली तितकी शेतात उतरली नाही. गुलामांच्या आयातीवर त्याने निर्बंध घातले. शोधखोलीत मात्र त्याचे यश निर्विवाद आहे. १८१४ साली जंगलात एका टेकडीवर प्रचंड वास्तू दडलेली असल्याची बातमी कानी येताच त्याने कॉर्नेलियस या डच अभियंत्याला पाठविले. दोनशे मजुरांनी सुमारे दीड-दोन महिने झाडे तोडून व माती उपसून काम केले, तेव्हा बोरोबुदूरचा बौद्ध स्तूप जगासमोर आला. प्रंबानन येथील शिवमंदिरांची पाहणीही त्याच काळात झाली.

ही मंदिरे पाहून केवळ पंडितच हेलावले असे नाही. जावात राहिलेल्या बंगाल सैन्यातील हिंदू शिपायांना परमुलुखात आपल्या देवतांच्या मूर्ती दिसल्या. मायदेशी परतण्यास होणाऱ्या विलंबाने ते त्रस्त झालेले होते आणि आपल्याला डचांच्या हवाली केले जाईल, अशी धास्ती त्यांच्यात पसरली होती. १८१५ साली त्यांच्यातील काहींनी सुराकार्ताच्या दरबाराशी संधान बांधून उठावाचा कट रचला. तो उघडकीस आला आणि म्होरक्यांना गोळ्या घालण्यात आल्या. १८५७ च्या बेचाळीस वर्षे आधी, हजारो मैल दूर घडलेले हे प्रकरण हिंदी वाचकांना फारसे ठाऊक नाही.

एप्रिल १८१५ मध्ये निसर्गानेही रौद्र रूप दाखविले. सुंबावा बेटावरील तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला. दूरवर जावात त्याचा आवाज तोफांच्या सरबत्तीसारखा वाटला आणि शत्रू चालून आला या समजुतीने फौजाही हलविल्या गेल्या. आकाश काळवंडले, राखेचा पाऊस पडला, शेते बुडाली. स्फोटाने आणि पाठोपाठच्या उपासमारीने व रोगराईने हजारो माणसे मेली. रॅफल्सने ठिकठिकाणच्या अधिकाऱ्यांकडून लेखी वृत्तान्त मागविले आणि तांदळासह एक अधिकारी सुंबावाला धाडला. त्या वृत्तान्तांमुळेच या उत्पाताची तपशीलवार नोंद राहिली. पुढील वर्षी युरोप व अमेरिकेत उन्हाळा आलाच नाही आणि पिके बुडाली. त्याचा संबंध या स्फोटाशी आहे, हे शास्त्रज्ञांना फार उशिरा उमगले.

रॅफल्सवर आपत्तींची रांग लागली होती. सेनापती गिलेस्पी याने त्याच्यावर गैरकारभाराचे आरोप केले. सरकारी जमिनींच्या विक्रीत स्वतः रॅफल्सनेही भागीदारी घेतली होती, हा त्यांतील बोचरा मुद्दा होता. आरोप करणारा गिलेस्पी ऑक्टोबर १८१४ मध्ये डेहराडूनजवळ गुरख्यांशी लढताना पडला. पाठीराखा मिंटो त्याच वर्षी वारला आणि नोव्हेंबरमध्ये ऑलिव्हियाचेही निधन झाले. नेपोलियनच्या पाडावानंतर इंग्लंडला बलवान हॉलंड हवे होते, म्हणून तहानुसार जावा डचांना परत देण्याचे ठरले. १८१६ च्या मार्चमध्ये रॅफल्सला पदावरून दूर करण्यात आले. परतीच्या वाटेवर सेंट हेलेना बेटावर त्याने कैदेतील नेपोलियनची भेट घेतली. ज्याच्या युद्धांमुळे त्याचा उदय झाला आणि ज्याच्या पराभवामुळे त्याची सत्ता गेली, त्या पुरुषापुढे तो काही क्षण उभा राहिला.

सिंहपूरची निवड

लंडनमध्ये त्याने झपाट्याने लेखन करून १८१७ साली जावाच्या इतिहासाचे दोन खंड प्रसिद्ध केले. भूगोल, शेती, भाषा, रीतिरिवाज, प्राचीन अवशेष यांचा त्यांत समावेश आहे. महाभारताच्या आधारे रचलेल्या ‘भारतयुद्ध’ या प्राचीन जावानी काव्याचा परिचय त्यातून युरोपला झाला. त्याच वर्षी त्याला ‘सर’ हा किताब मिळाला आणि सोफिया हल हिच्याशी त्याचा दुसरा विवाह झाला.

१८१८ साली तो सुमात्राच्या पश्चिम किनाऱ्यावरील बेंकुलेनचा लेफ्टनंट गव्हर्नर होऊन गेला. ठाणे ओसाड, मिरीचा व्यापार बुडालेला, अशी तेथील अवस्था होती. त्याने कंपनीच्या मालकीच्या आफ्रिकी गुलामांना मुक्त केले. जंगलातील एका फेरीत जोसेफ अर्नल्ड या वैद्यासह त्याने जगातील सर्वांत मोठे फूल पाहिले. दोघांच्या नावांवरून त्याला ‘रॅफ्लेसिया अर्नल्डी’ हे नाव मिळाले. परंतु चीनकडे जाणारा सागरी मार्ग डचांच्या हाती एकवटत आहे, ही चिंता त्याला स्वस्थ बसू देत नव्हती.

वर्षअखेरीस तो कलकत्त्याला लॉर्ड हेस्टिंग्जकडे गेला. हा तोच हेस्टिंग्ज, ज्याच्या कारकिर्दीत त्याच वर्षीच्या जूनमध्ये दुसऱ्या बाजीरावाने शरणागती पत्करली आणि पेशवाईचा शेवट झाला. हिंदुस्थानात कंपनीला तोलामोलाचा प्रतिस्पर्धी उरला नव्हता आणि आता तिचे लक्ष पूर्वेकडील सागराकडे वळणे स्वाभाविक होते. डचांशी तंटा होऊ न देता सामुद्रधुनीच्या पूर्व टोकाला ठाणे शोधण्याची परवानगी हेस्टिंग्जने दिली.

रॅफल्सच्या ग्रंथप्रेमाचा येथे राजकारणाला प्रत्यक्ष उपयोग झाला. मलय राजांच्या बखरींतून त्याला सिंहपूर या प्राचीन नगराची माहिती होती. जानेवारी १८१९ च्या अखेरीस तो मेजर फर्कारसह त्या बेटावर उतरला. सुमारे हजारभर वस्ती, कोळ्यांच्या झोपड्या आणि तमंगोंग अब्दुल रहमान या सरदाराचे ठाणे, एवढेच तेथे होते. जोहोरच्या गादीचा वाद चालू होता. धाकटा भाऊ डचांच्या छायेखाली गादीवर होता, तर थोरला हुसेन बाजूला पडलेला होता. रॅफल्सने हुसेनला बोलावून आणले, त्याला सुलतान म्हणून मान्यता दिली आणि ६ फेब्रुवारीला त्याच्याशी व तमंगोंगाशी करार केला. सुलतानाला सालिना ५,००० आणि तमंगोंगाला ३,००० स्पॅनिश डॉलर द्यावयाचे ठरले. गादीच्या तंट्यात एका पक्षाला उचलून धरून त्याच्याकडून मुलूख मिळविण्याची ही पद्धत मराठी वाचकांना नवी वाटणार नाही. आपल्याकडील दरबारांत कंपनीने तीच वापरली होती.

बंदर जकातमुक्त ठेवल्याने चिनी, बुगी, अरब, तमिळ असे नाना देशांचे व्यापारी तेथे लोटले. १८२४ च्या गणतीत वस्ती दहा हजारांवर गेली होती. या उभारणीचे श्रेय एकट्या रॅफल्सला देणे न्याय्य नाही. त्याचे तिन्ही मुक्काम मिळून एक वर्षही भरत नाही. दैनंदिन कारभार फर्कारने तुटपुंज्या साधनांनिशी चालविला. १८२२–२३ च्या शेवटच्या मुक्कामात रॅफल्सने नगराची आखणी केली, जातीजमातींनुसार वस्त्या नेमून दिल्या, जुगार व गुलामांची विक्री बंद केली आणि या बाबतीत सैल राहिलेल्या फर्कारला दूर केले. ५ जून १८२३ रोजी त्याने विद्यालयाची कोनशिला बसविली. स्थानिक भाषांचे अध्ययन व्हावे आणि तेथे ग्रंथसंग्रह असावा, हा त्यामागील हेतू होता. सिंगापूरचे राष्ट्रीय ग्रंथालय आपली परंपरा या संस्थेपर्यंत नेते.

‘फेम’ जहाजाची आग

या यशाच्या काळात घर मात्र उद्ध्वस्त होत होते. १८२१ च्या मध्यापासून १८२२ च्या जानेवारीपर्यंत, सहा-सात महिन्यांच्या आत, त्याची तीन मुले बेंकुलेनच्या रोगट हवेत दगावली. उरलेल्या एला या मुलीला घाईने इंग्लंडला पाठवावे लागले. १८२३ च्या सप्टेंबरमध्ये जन्मलेली फ्लोराही दोन-सव्वादोन महिन्यांतच गेली. रॅफल्सला स्वतःला असह्य मस्तकशूळ जडला होता.

अखेर २ फेब्रुवारी १८२४ रोजी पतिपत्नी ‘फेम’ जहाजाने मायदेशी निघाली. त्याच संध्याकाळी, किनारा सुमारे पन्नास मैल मागे पडला असता, जहाजाच्या कोठारात ब्रँडीच्या पिंपाजवळ उघडी ज्योत नेल्याने आग लागली. सर्व माणसे होड्यांत उतरून वाचली. पण सुमात्रा व बोर्निओ यांविषयीची टिपणे, नकाशे, निसर्गवस्तूंची दोन हजारांहून अधिक चित्रे, मलय हस्तलिखितांच्या पेट्या आणि पिंजऱ्यांतील जिवंत प्राणी, असे सर्व काही भस्मसात झाले. यांतील पुष्कळ पोथ्यांची दुसरी प्रत कोठेही नव्हती. ज्यांच्याकडून त्या मिळविल्या, त्यांच्याही घरी काही उरले नव्हते. ही वार्ता मलाक्काला पोहोचली, तेव्हा अब्दुल्लाला अपार दुःख झाले. अनेक देशांतून गोळा केलेले, छापून निघण्यापूर्वीच नष्ट झालेले हे धन मलय लोकांचे होते, ही त्याची खंत आत्मचरित्रात नमूद आहे.

रॅफल्स दुसऱ्या दिवसापासून आठवणींवरून पुन्हा टिपणे करू लागला, ही त्याच्या स्वभावाची कमाल होय. १८१६ साली इंग्लंडला नेलेल्या पोथ्या मात्र वाचल्या. मलय राजांच्या बखरीची एक महत्त्वाची प्रत त्यांपैकीच असून ती लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीकडे आली.

अखेर आणि मागे उरलेले

इंग्लंडला परतल्यावर १८२६ साली त्याने लंडनची प्राणिशास्त्र संस्था स्थापन केली व तो तिचा पहिला अध्यक्ष झाला. पण कंपनीने निवृत्तिवेतन देण्याऐवजी २२,००० पौंडांहून अधिक रकमेची वसुली काढली. ५ जुलै १८२६ रोजी, पंचेचाळिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मेंदूच्या विकाराने त्याचे निधन झाले. हेंडनच्या ज्या चर्चमध्ये त्याला पुरले, तेथील धर्मगुरूच्या घराण्याचे उत्पन्न गुलामांच्या मळ्यांतून येत असे. त्याने स्मृतिशिला बसविण्यास नकार दिला. कबरीची जागा १९१४ पर्यंत विस्मृतीत राहिली. सोफियाने कंपनीशी तडजोड केली, १८३० साली पतीचे चरित्र प्रसिद्ध केले आणि त्याच्या कीर्तीचा पाया घातला.

पुढे ती कीर्ती साम्राज्याच्या उत्कर्षाबरोबर वाढली आणि त्याच्या अस्ताबरोबर तिची फेरतपासणी झाली. १९७१ साली सय्यद हुसेन अलातास यांनी रॅफल्सच्या सुधारकपणावर कठोर प्रश्न उपस्थित केले. २०१९ साली योग्याकार्ताच्या लुटीतील ७५ जावानी हस्तलिखितांच्या संगणकीय प्रती ब्रिटिश लायब्ररीने तेथील सुलतानांना अर्पण केल्या. मूळ पोथ्या लंडनमध्येच राहिल्या.

रॅफल्सचे मोजमाप करताना दोन्ही पारडी भरलेली दिसतात. जित लोकांची भाषा, ग्रंथ आणि शिल्पे यांविषयी त्याला खरी आस्था होती आणि ती त्याने कष्टाने जोपासली. परंतु ज्यांचा वारसा त्याला मोलाचा वाटला, त्यांचे स्वातंत्र्य मात्र त्याला तितके मोलाचे वाटले नाही. पोथीचा आदर आणि पोथीच्या धन्याचा अनादर एका माणसात एकत्र नांदू शकतात, हे त्याच्या चरित्राचे कटू सार आहे. ‘फेम’च्या आगीत जे गेले ते परत येणार नाही. मात्र त्या आगीतून एक गोष्ट शिकता येते. ग्रंथ एकाच्या कपाटात कोंडला, मग ते कपाट राजाचे असो की जेत्याचे, तर तो एका ठिणगीने संपतो. तो अनेकांच्या हाती गेला, त्याच्या प्रती निघाल्या आणि गावोगावच्या वाचनालयांत तो वाचला गेला, तरच पिढ्यांना पुरतो.